हळू आवाजात मागायची गोळी

मेडिकलच्या दुकानात सगळ्यात हळू आवाजात मागितली जाणारी वस्तू कोणती, असं मी पाहुण्यांना विचारते तेव्हा बाया तोंडाला पदर लावतात आणि पुरुष उगाच छताकडं बघतात. त्यांच्या मनात जे असतं ते नव्हे. ते आजकालची पोरं खणखणीत आवाजात मागतात. सगळ्यात हळू मागितली जाते ती फिटची गोळी.

येरमाळ्याच्या स्टँडसमोर माझं दुकान होतं. होतं म्हणजे अजून आहे, पण आता काउंटरवर सून असते आणि मी मागं खुर्ची टाकून तिच्या चुका काढते. माझं सगळं आयुष्य त्या काउंटरमागं उभ्यानं गेलं. पायाच्या शिरा फुगल्या आणि जिभेला धार आली. लोक मला डॉक्टरीणबाई म्हणायचे. मी प्रत्येकाला सांगायची, बाबा, मी डॉक्टर नाही, चिठ्ठी बघून औषध देणारी आहे. लोक मान डोलावून म्हणायचे, "व्हय डॉक्टरीणबाई."

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. तापाची, खोकल्याची, अगदी मूळव्याधीची गोळीसुद्धा माणूस आपल्या गावातून घेतो. फिटची घेत नाही. गावातल्या दुकानदाराला कळलं की त्याच्या बायकोला कळणार, तिला कळलं की नळावर कळणार, आणि मग त्या घरातल्या पोरीला स्थळ येणार नाही. म्हणून आमच्या येरमाळ्याची माणसं फिटच्या गोळ्या बार्शीहून आणतात, बार्शीची कुठून आणतात देव जाणे, आणि तुळजापूरकडची माणसं माझ्याकडं येतात. इथं येडेश्वरीचं देऊळ आहे, हायवे आहे, एसटी थांबते. पौर्णिमेला दर्शनाला म्हणून घरातून निघालं की कुणी विचारत नाही. नारळ फोडून झाला की बाई पदर ओढून माझ्या काउंटरच्या कडेला येऊन उभी राहणार आणि दुसरं गिऱ्हाईक हलेपर्यंत बाम बघ, कंगवा बघ, असं करणार. अशी बाई मी पाठीवरून ओळखायची.

फिट म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकाला फार सोपं करून सांगायची. मेंदू विजेवर चालतो, त्या विजेचा घडीभर गोंधळ होतो आणि माणूस पडतं. बाहेरचं काही नाही, भानामती नाही. गोळी तो गोंधळ होऊ देत नाही. पण त्यासाठी ती रक्तात रोज सारखी असावी लागते. डोकं दुखलं की घेतली, थांबलं की सोडली, असं इथं चालत नाही. उलट रोजची गोळी एकाएकी सोडली तर थांबलेले झटके पहिल्यापेक्षा जोरात येतात. एवढं सांगितल्यावर समोरचं माणूस "बरं बरं" म्हणतं आणि घरी जाऊन स्वतःच्या मनासारखं करतं. हा माझा अनुभव आहे.

एक मेंढपाळ गृहस्थ फक्त अमावास्येच्या सुमाराला यायचे. मी विचारलं, "मामा, बाकीचे दिवस गोळ्या कुठून घेता?"

"बाकीच्या दिसांत कशाला? झटका तर आवसेलाच येतो."

"मग परवा हायवेच्या कडेला पडलात, तेव्हा कुठं होती अमावास्या?"

"त्यो उन्हाचा हुता," ते शांतपणे म्हणाले.

मी जे बोलले ते ऐकून एसटीतल्या लोकांनी खिडकीतून माना बाहेर काढल्या. पुढच्या खेपेला त्यांची बायको आली आणि तिनं गोळ्या स्वतःच्या ताब्यात घेतल्या. चहाच्या कपाबरोबर गोळी, गोळी नाही तर चहा नाही, असा तिनं नेम केला. त्यानंतर ते गृहस्थ पडल्याचं मी ऐकलं नाही.

त्या वेळी मला वाटलं होतं की माणसाच्या अकलेचा तळ मी बघितला. पण अजून गयाबाई यायच्या होत्या.

त्याआधी कमलबाईंबद्दल सांगायला हवं. कमलबाई तामलवाडीच्या. त्यांची लेक सारिका लहानपणापासून फिटची गोळी घ्यायची आणि गोळीवर उत्तम होती. शिकली, शिवणकाम शिकली, किती तरी दिवसांत एक झटका नाही. कमलबाई दर पौर्णिमेला यायच्या, देवीचं कुंकू माझ्या कपाळाला लावायच्या आणि हळूच चिठ्ठी सरकवायच्या. एका पौर्णिमेला त्या पेढे घेऊन आल्या. सारिकाचं अणदूरला लग्न ठरलं होतं. घर मोठं, दोन भाऊ एकत्र, सासूसासरे हिंडतेफिरते.

मी विचारलं, "त्यांना सांगितलंय ना?"

त्यांचा चेहरा उतरला. "ताई, सांगितलं असतं तर हे पेढं आणले असते का म्या?"

मग त्यांनी मला येडाईची आण घातली. मी आण घ्यायला नकार दिला आणि म्हटलं, कुणाचा आजार कुणाला सांगायचा नाही हा माझ्या धंद्याचाच नेम आहे, त्यात देवीला कशाला आणता? पण लपवू नका, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. त्या रडल्या. लग्न झालं.

लग्नानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला त्यांनी विचारलं, "ह्या गोळ्या पट्टीतनं काढून दुसऱ्या बाटलीत भरल्या तर चालतंय का?"

मी म्हटलं, अजिबात नाही. ही गोळी हवा लागली की ओल धरते, मऊ पडते. शिवाय पट्टीवर गोळीचं नाव असतं, मुदत असते. बाटलीत भरली की ती कसली गोळी हे देवालाही सांगता यायचं नाही. कमलबाईंनी मान हलवली, पट्ट्या पिशवीत टाकल्या आणि गेल्या. मान कशासाठी हलवली, ते मला पुढं कळलं.

गयाबाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा दुपार होती. उंच, काळ्यासावळ्या, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्यानं वळून बघावं. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि काउंटरवर एक बाटली ठेवली. रक्तवाढीच्या गोळ्यांची रिकामी बाटली असते तसली. तळाला चारदोन गोळ्या चिकटल्या होत्या.

"ह्या तुमच्याकडच्याच ना? आमच्या धाकट्या सुनंची आई आणती, तामलवाडीची. अशा गुणाच्या गोळ्या म्या जल्मात बघितल्या न्हाईत. आता इहीणबाईस्नी किती तरास द्यायचा म्हनून म्याच आले. मोठी बाटली द्या."

मी बाटली उलटी करून एक गोळी हातावर घेतली. लालसर, ओल धरलेली, पण ओळखू येत होती. सारिकाचीच गोळी होती ती. रक्तवाढीची गोळी म्हणून कमलबाईंनी लेकीच्या सासरी धाडलेली.

"गुणाच्या म्हणजे? कुणाला गुण आला?" मी विचारलं.

"सगळ्यांस्नी की," गयाबाई म्हणाल्या.

आणि मग त्या बाईंनी मोठ्या अभिमानानं जे सांगितलं ते मी उभ्यानं ऐकलं, मग स्टूल ओढून बसून ऐकलं. गयाबाईंच्या घरचा नियम असा की सुनेच्या माहेराहून जे येईल ते घरात वाटून खायचं. धपाटी येवोत, लाडू येवोत, शेंगाची चटणी येवो. एकीच्या माहेरचं आलं आणि ती कोपऱ्यात बसून खातेय, हे त्यांच्या घरात चालायचं नाही. साडी घेतली तर दोघींना, बांगड्या भरल्या तर दोघींना. गावात त्यांच्या या वागण्याचं नाव होतं. आणि ही रक्तवाढीची बाटली धाकटीच्या माहेराहून आलेली, थोरल्या सुनेच्या अंगात तर रक्त कमी. मग धाकटीनं एकटीनं गोळ्या खायच्या, हे कसं दिसतं?

"म्या दोघींच्या हातावर रोज सारखी गोळी ठेवली. सकाळी थोरलीला, सांजंला धाकटीला. दुजाभाव केला न्हाय म्या."

"आणि सारिका काही बोलली नाही?"

"काय बोलंल? उलट दोनदा म्हनली की आत्या, ह्या माझ्याच हायेत. म्या म्हनलं, बाई, या घरात माझं-तुझं करायचं न्हाय."

सारिकाला दोन वेळा लागणारी गोळी एका वेळेवर आली होती, आणि ती का लागते हे सांगायची तिला चोरी होती.

"थोरलीला काय गुण आला?"

"लई किरकिरी बाई हुती, आता गप असती. जरा झोपाळल्यागत असती, परवा भाकरी थापता थापता हात तव्याला लागला, पन अंगावर तेज आलंय." त्या पुढं वाकल्या. "अन् मालकांस्नी तर लईच गुण. गुडघ्यापायी डोळ्याला डोळा लागत नव्हता. म्या एक देऊन बघितली. आता जेवून आडवं झालं की दिवस मावळंस्तोवर उठत न्हाईत."

आयुष्यभर मी नाना तऱ्हेची माणसं बघितली. डोळ्यांचे थेंब कानात घालणारी बघितली. पण एका पोरीची फिटची गोळी सगळं घर प्रसादासारखी वाटून खातंय, हे पहिल्यांदाच ऐकलं. मी एकच प्रश्न विचारला.

"आता सारिका काय घेते?"

"काय न्हाय," गयाबाई खुशीत म्हणाल्या. "तिला दिस गेल्यात. गोळ्या उष्ण पडतील म्हनून म्याच तिच्या बंद केल्या. तिच्या वाटणीच्या मालकांस्नी दिल्या."

गरोदर पोर, रोजची फिटची गोळी आधी अर्धी झालेली आणि आता एकदम बंद. समोर ही बाई मोठी बाटली मागतेय. हिला खरं सांगावं तर पोरीचा संसार जाईल, न सांगावं तर पोरच जाईल. त्यात तो आजार सारिकाचा, ते गुपितही तिचंच. तिला न विचारता मी ते कुणाच्या हातात द्यायचं?

"गयाबाई, घरी फोन लावा. मला तुमच्या धाकट्या सूनबाईशी बोलायचंय."

त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. मी दुकानाच्या आतल्या बाजूला गेले. पलीकडं शेळी ओरडत होती.

"सारिका, मी येरमाळ्याची मेडिकलवाली. तू मोठ्यानं काही बोलू नको, फक्त व्हय-न्हाय म्हण. गोळी बंद झाल्यापासून झटका आला का?"

शेळीचं ओरडणं लांब गेलं. मग "व्हय."

"कुणी बघितलं?"

"न्हाय." आणि मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "हौदापाशी पडले हुते, ताई. शुद्धीवर आले तर निम्मी साडी भिजलेली."

मी विचारलं, "तुझ्या सासूबाईंना मी सांगू का? तू नाही म्हणालीस तर नाही सांगणार, पण मग तू आजच्या आज स्वतः दवाखान्यात जायचं."

ती रडत होती. "सांगा ताई. माझ्या तोंडानं न्हाय निघायचं."

मी तिला म्हटलं, आहेस तिथं खाली बस, चुलीपाशी जाऊ नको, पाण्यापाशी जाऊ नको, जावेला हाक मारून जवळ बसव. आणि बाहेर आले.

गयाबाईंना मी सगळं सांगितलं. ही रक्तवाढीची गोळी नव्हे, फिटची आहे. सारिकाला लहानपणापासून लागते. ती घेतली तर पोर तुमच्या-माझ्यासारखी चालती-बोलती राहते, सोडली तर पडते. आणि ती पडलीय. मी बोलत होते आणि मनात म्हणत होते, आता या बाईचा आवाज चढणार, आता लग्न मोडायचं काढणार, आता तामलवाडीच्या सगळ्या खानदानाचा उद्धार होणार.

गयाबाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी काउंटरवरची बाटली दोन्ही हातांनी धरली.

"हौदापाशी म्हनली का ती?"

"हो."

"मानूस पडलं तर टीचभर पान्यात बी जातं. व्हय ना?"

मला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. लग्नाबद्दल नाही, फसवणुकीबद्दल नाही, ही बाई पाण्याबद्दल का विचारतेय? पण विचार करायला वेळ नव्हता. त्या लगेच म्हणाल्या, "आता जाऊन एकदम दोन-तीन गोळ्या दिल्या तर मागचं भरून निघंल का?"

"खबरदार!" मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडचा हॉटेलवाला पळत आला. चुकलेली गोळी दुप्पट करून कधी भरून काढायची नसते. आणि पोटात बाळ असताना कोणती गोळी द्यायची, किती द्यायची, हे तर फक्त डॉक्टरनं ठरवायचं. सारिकाची चिठ्ठी लिहिणाऱ्या धाराशिवच्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला. ते ऐकतच राहिले. त्यांना सारिकाचं लग्न झालेलंच माहीत नव्हतं. कमलबाई दर खेपेला एकट्या जाऊन "लेक बरी हाय" म्हणून नवी चिठ्ठी आणायच्या. डॉक्टर म्हणाले, लग्न ठरतानाच मला सांगितलं असतं तर दिवस राहण्याआधीच मी गोळीचा विचार केला असता, काही गोळ्या पोटातल्या बाळाला त्रासाच्या असतात. आता तिला लगेच घेऊन या, आपल्या मनानं काही सुरू करू नका. आणि त्या सासऱ्यांना आणि थोरल्या सुनेलाही आणा.

गयाबाईंनी थोरल्या लेकाला फोन करून गाडी काढायला आणि सगळ्यांना घेऊन धाराशिवच्या दवाखान्यात यायला सांगितलं. मी तेवढ्यात त्यांना शिकवलं. झटका आला तर पोरीला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काही मऊ घालायचं, आजूबाजूचं टोकदार बाजूला करायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, पाणी, काही घालायचं नाही. आणि ती गरोदर आहे, तेव्हा झटका आला की सरळ दवाखाना.

"चप्पल हुंगवायची न्हाय?"

"चप्पल पायात घाला आणि दवाखान्याकडं पळा."

त्याही धाराशिवला निघाल्या. बाटली त्यांनी माझ्याकडंच टाकली. एसटीत चढताना त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. मी मात्र त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं, आणि घरी जाऊन चहा केला तर त्यात साखरच घातली नाही.

सारिका त्याच संध्याकाळी दवाखान्यात भरती झाली. तिथं तिला आणखी एक झटका आला, पण तो डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. त्यांनी तपासण्या केल्या, तिचं औषध ठरवून दिलं आणि मगच घरी सोडलं. थोरली सून चारदोन दिवसांत तरतरीत झाली. गयाबाईंचे मालकही जागे झाले आणि जागे होताच पहिल्यासारखे भांडायला लागले. हे सगळं मला डॉक्टरांच्या फोनवरून आणि कमलबाईंच्या रडण्यातून कळलं. कमलबाईंना मी फार बोलले. एरवी बोलून झालं की माझं मन हलकं होतं, त्या दिवशी झालं नाही. कारण ती बाई काही लेकीची वैरीण नव्हती. लेक नांदावी एवढंच तिला हवं होतं. अशा किती कमलबाई माझ्या काउंटरच्या कडेला कंगवा बघत उभ्या राहिल्या असतील आणि त्यांच्या लेकींच्या बाटल्यांवर कसली नावं असतील, याचा हिशोब मला आजही लागत नाही.

पुढच्या पौर्णिमेला दुकानात ही गर्दी होती. देवीहून आलेली माणसं, गुलाल-कुंकवानं भरलेली, कुणाला पायाला लावायचं मलम हवं, कुणाला उलटीची गोळी. कडेला दोन बायका दिसल्या. कमलबाई नेहमीसारख्या पदर ओढून आणि त्यांच्या शेजारी गयाबाई. गयाबाईंनी कंगवा बघितला नाही, बाम बघितला नाही. गर्दीतून वाट काढत त्या सरळ पुढं आल्या, चिठ्ठी काउंटरवर आपटली आणि त्यांच्या त्या आवाजात म्हणाल्या,

"माझ्या सुनंला फिट येतात. तिच्या गोळ्या द्या. पट्टीतल्या द्या."

मलम मागणारा गप्प झाला. उलटीची गोळी मागणारी बाई वळून बघायला लागली. माझ्या काउंटरवर हा शब्द एवढ्या मोठ्यानं मी स्वतः सोडून कुणी उच्चारला नव्हता. कमलबाई लाजेनं अर्ध्या झाल्या. त्यांनी मागून गयाबाईंचा पदर ओढला.

"ओ इहीणबाई, हळू की. लोक ऐकत्यात."

गयाबाईंनी माझ्या हातातल्या पट्ट्या घेतल्या, उलटून नाव बघितलं, मुदत मला वाचायला लावली. मग त्या विहिणीकडं वळल्या. आवाज तेवढाच मोठा होता, पण आता तो फुटत होता.

"माझी थोरली लेक हुती, सुमन. तिला बी हेच हुतं. तिच्या सासरी ठावं नव्हतं. म्या तांदळात घालून गोळ्या धाडायची. तिथं कुणी तरी तांदूळ निवडले, गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. ती बोलली न्हाय, अन् म्या इचारलं न्हाय. आडावर एकटीच पान्याला गेली हुती, ती परत आली न्हाय."

गयाबाईंनी पट्ट्या पिशवीत ठेवल्या, पिशवी कमरेला खोचली आणि कमलबाईंचा हात धरला.

"तवा म्या लई हळू बोलले हुते, इहीणबाई."